काळ्या दगडाच्या पोटातलं

'आपल्याकडे नुसता काळा दगड, खनिजं बघायची तर चंद्रपूर-गोवा गाठा' असं कुणी म्हणालं, तर ते धातूंच्या खनिजांपुरतं ठीक. पण बेसाल्टच्या, म्हणजे याच काळ्या दगडाच्या, पोकळ्या विसरू नका. लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिली, पुढे त्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीची इतर स्फटिकरूप खनिजं जमली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन यांवरूनच ते नाव.

रस्त्याकडेचे विक्रेते याच पोकळ्यांतलं पाणीदार अपोफिलाइट सर्रास 'स्फटिक', म्हणजे गार (क्वार्ट्झ), म्हणून खपवतात, मीही एकदा फसलोय. चाकूचं टोक ओढून बघा: अपोफिलाइटवर ओरखडा उठतो, गारेवर उलट पोलादाचीच काळपट रेघ राहते. विक्रेत्यासमोर नका करू एवढंच!