डोळे आलेत: शिल्लक ड्रॉप्स चालतील का, आणि साथ खोलीतच कशी थांबवायची?

निळीशाई
वसतिगृहाची खोली, चार जण. एकाचे डोळे आलेत. उजवा चार दिवसांपूर्वी लाल झाला, आज डावाही. पाणी गळतं, खडा गेल्यासारखं खुपतं, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, उजव्या कानासमोर दाबलं की दुखणारी छोटी गाठ लागते. नजर साफ आहे, लेन्स वापरत नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिनचे ड्रॉप्स तीन दिवस घातले, फरक शून्य. शेजारच्या खोलीत एक अर्धी बाटली शिल्लक आहे, 'हिच्याने दोन दिवसांत लाली जाते' म्हणतात. ती घालावी का? किती दिवस वेगळं राहायचं? आणि बाकीच्या तिघांना सॅनिटायझर पुरेल का?

दृष्टीसहायक
आधी एक डोळा, मग दुसरा, पाण्यासारखा स्राव, वर कानासमोरची दुखरी गाठ. हे विषाणूचंच काम दिसतंय, बहुधा ॲडिनोव्हायरसचं. मॉक्सिफ्लॉक्सासिन जिवाणू मारतं, विषाणूला त्याचा काही फरक पडत नाही. पापण्या चिकटल्या म्हणजे जिवाणूच, असं धरून अँटिबायोटिक सुरू होतं, पण मिटल्या डोळ्यात रात्रभर साचलेला पातळ स्रावही सुकला की चिकटतोच. जिवाणूंचा पू घट्ट, पिवळा-हिरवा असतो आणि पुसला तरी थोड्या वेळात परत साचतो. ॲलर्जीत खाज सगळ्यात ठळक असते, आणि सहसा दोन्ही डोळे एकदमच लाल होतात.

आता ती शिल्लक बाटली. लेबल वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड. कित्येकदा ते अँटिबायोटिकसोबत एकाच बाटलीत असतं आणि लोक तिला नुसतं 'अँटिबायोटिक' म्हणतात. दोन दिवसांत लाली जाते हे खोटं नाही, तिथेच तर गोम आहे. सूज दबते, पण विषाणू उलट जास्त दिवस डोळ्यातून बाहेर पडत राहतो, आणि माणूस 'बरा झालो' म्हणून सगळ्यांत मिसळतो. त्यातून विषाणू हर्पीस सिम्प्लेक्स (ओठांवर फोड आणणारा) निघाला तर बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी जखम पसरते आणि नजरेवर कायमचा डाग राहू शकतो. सुरुवातीला हर्पीस साध्या डोळे येण्यासारखाच दिसू शकतो. खात्री करायला डोळ्यात फ्लुओरेसिनचा रंग (जखम उठून दाखवणारा) घालून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बघावं लागतं. म्हणून ती बाटली नको. तिचं तोंड दुसऱ्याच्या पापणीला लागलेलं असणार, हे आणखी वेगळं.

ॲडिनोव्हायरसवर नेमकं मारा करणारं औषध रोजच्या वापरात नाही. आराम देणं एवढंच हातात आहे: थंड पाण्याच्या घड्या दिवसातून तीन-चार वेळा, पाच-दहा मिनिटं, प्रत्येक डोळ्याला वेगळी. कृत्रिम अश्रूंचे थेंब चार ते सहा वेळा, शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. तोंड फोडून वापरायच्या छोट्या नळ्या मिळतात, त्या घ्या. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असलेले थेंब वरचेवर घातले तर सुजलेला डोळा आणखी चरचरतो. लाली घालवणारे नॅफाझोलिनसारखे थेंबही टाळा, असर उतरला की डोळा आधीपेक्षा लाल दिसतो.

थेंबथेंब
वरचं सगळं बरोबर. मी पसरण्याबद्दल लिहितो.

नुसतं डोळ्यांत बघून डोळे येत नाहीत. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, हात डोळ्याकडे कमी जातो, बास. विषाणू डोळ्यातून बोटावर, बोटावरून कडी, नळ, मोबाइल, टॉवेल, आणि तिथून दुसऱ्याच्या बोटावर येतो. ॲडिनोव्हायरसला बाहेरचं चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलला तो सहज दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद, नखांच्या कडांसकट. सॅनिटायझर फक्त पाणी नसेल तेव्हा. कोरड्या प्लास्टिकवर हा विषाणू काही आठवडे तग धरतो, म्हणून रुग्ण बरा झाला तरी कपाटाची मूठ बरी झालेली नसते.

कडक पृष्ठभागांसाठी घरगुती ब्लीच, म्हणजे साधारण ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट: १०० मिली ब्लीच, ९०० मिली पाणी. फडक्याने लावा, १० मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. लोक इथेच चुकतात, लावलं की लगेच कोरडं करतात. द्रावण रोज ताजं करा. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. मोबाइलला ब्लीच लावू नका, साबणाच्या ओलसर फडक्याने पुसून घ्या. अभ्रा आणि टॉवेल रोज बदला, गरम पाण्यात डिटर्जंटने धुवा.

डोळा पुसताना उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पिळा, नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेर एकदाच ओढा आणि तो बोळा फेका. त्याच बोळ्याची दुसरी बाजू वापरायची नाही. थेंब घालताना हात धुवा, मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खळगी करा, बाटली दोन सेंटिमीटर वर धरा आणि एकच थेंब. दोन घातले तर दुसरा गालावरच येतो, कारण डोळ्यात एका थेंबाइतकीही जागा नसते. मग पापणी मिटून नाकाकडचा कोपरा एक मिनिट दाबा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. बाटलीचं तोंड पापणीला लागलं की ती बाटलीच संसर्गाचं घर होते. एका माणसाची बाटली दुसऱ्याला नाही.

निळीशाई
बाटली परत केली, स्टिरॉइडच होतं. एक राहिलं: सातव्या दिवसापासून वर्गात बसवलं तर चालेल ना?

कोपरा
सातव्या दिवशी नाही. ॲडिनोव्हायरस लक्षणं सुरू झाल्यापासून १० ते १४ दिवस पसरू शकतो, आणि दुसरा डोळा नंतर आला असेल तर मोजणी त्या डोळ्यापासून धरा. पाणी गळणं आणि लाली थांबल्याशिवाय लोकांत मिसळू नये. बाकीच्या तिघांवर १२ दिवस लक्ष ठेवा, कारण संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला ५ ते १२ दिवस लागू शकतात. दुसरा डोळा काळजी घेऊनही बऱ्याचदा येतोच, त्यासाठी रुग्णाला बोल लावू नका.

सगळेच डोळे येणे ॲडिनोचे नसतात. एंटेरोव्हायरस ७० आणि कॉक्सॅकी ए२४ या दुसऱ्या विषाणूंच्या साथीत एक-दोन दिवसांतच डोळा सुजतो, पांढऱ्या भागात रक्त उतरतं, आणि बहुतेकांना आठवडा-दहा दिवसांत आराम पडतो. १९६९ मध्ये घानात ही साथ पहिल्यांदा ओळखली गेली, चंद्रावर माणूस उतरला त्याच वर्षी, म्हणून तिला 'अपोलो' नाव पडलं.

तुमच्या रुग्णाकडे मात्र दुसऱ्या आठवड्यात नीट लक्ष द्या. लाली उतरते आणि नेमकी तेव्हाच नजर अंधुक होते, दिव्याभोवती वलय दिसतं. बुबुळावर प्रतिकारशक्तीच्या पेशींचे बारीक ठिपके साचतात, ते जायला आठवडे, कधी महिने लागतात. नजर फार उतरली किंवा पापणीच्या आत पांढरट पापुद्रा धरला तर नेत्रतज्ज्ञ स्वतः स्टिरॉइड देतात, तेही हळूहळू कमी करत. मध्येच थांबवलं की ठिपके परततात.

खुपणं सोडून खरी कळ, उजेड अजिबात न सोसणं, नजर कमी होणं, पापणीवर पाणी भरलेले फोड, नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेली नागीण, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे. नागिणीवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर उत्तम. लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळा आणि महिन्याच्या आतलं बाळ यांत तर थांबूच नये.

दवाखान्यात शिरताच 'डोळे आलेत' असं सांगा म्हणजे वेगळं बसवतील. डोळ्याला टेकणारी दाब मोजायची उपकरणं हा या साथीचा जुना मार्ग आहे, त्यामुळे आधीच सांगितलेलं तिथल्या लोकांनाही बरं पडतं.