मदत हवी आहे: पणजोबांची बोट 'गिरसप्पा', यादीत नाव कसं शोधायचं?

रत्नांग्रीकर: आजीचे वडील लढाईत बोटीवर गेले. घरी 'चांदीची बोट' म्हणतात. नेटवर गिरसप्पा सापडली. माणसांची यादी कुठे मिळेल? लवकर सांगा, आजी नव्वदीपार आहे, रोज विचारते.

तांडेल: नाव? गाव? साल? बोटीवर काम काय?

रत्नांग्रीकर: आगवाले होते, भट्टीत कोळसा घालायचे. यादी द्या, बाकी मी बघतो.

जुनी_नाणी: गिरसप्पाच! फेब्रुवारी १९४१. कोळसा कमी पडला म्हणून ताफा सोडून आयर्लंडच्या गॉलवेकडे वळली आणि यू-१०१ या जर्मन पाणबुडीने गाठली. वाचला एकच, सेकंड ऑफिसर, तोही तेरा दिवस होडीत काढून. चांदीच्या विटा २०१२-१३ मध्ये वर आल्या, ४,७०० मीटरवरून. एक तरी हातात धरायचीये मला.

भटकभवानी: धबधब्याचं नाव बोटीला? जोगला ऑगस्टमध्ये जा, त्याआधी नुसतं धुकं.

खाडीकाठ: 'रामदास' तर नव्हे? रेवसची, १९४७.

तांडेल: लढाई ४५ ला संपली हो.

गोदीवाला: चांदीची आणखी एक बोट होती, 'सिटी ऑफ कैरो'. १ ऑक्टोबर १९४२ ला मुंबईहूनच सुटली, नाण्यांच्या २,००० पेट्या घेऊन. डर्बन, केपटाऊन करून ब्राझीलकडे जाताना ६ नोव्हेंबरला यू-६८ ने सेंट हेलेनाच्या दक्षिणेला बुडवली. गिरसप्पा कलकत्त्याची.

जुनी_नाणी: कलकत्त्याच्या बोटीवर कोकणी माणूस नसतोच का?

तांडेल: भांडा नंतर. रत्नांग्रीकर, शेवटचं पत्र आहे का घरात?

रत्नांग्रीकर: कार्ड आहे की. बंदराचं नाव सेन्सॉरने काळं केलंय. तिकिटावर 'सुइड आफ्रिका' लिहिलंय, हा कुठला देश? शिक्क्यात ४२ दिसतं.

गोदीवाला: हे आधी सांगायचंत! दक्षिण आफ्रिकाच ती. त्यांची तिकिटं जोडीने छापत, एक इंग्रजीत, शेजारचं आफ्रिकान्समध्ये. ४२ चा शिक्का म्हणजे गिरसप्पा बाद, ती तेव्हा तळाला होती. पण म्हणून कैरोच असंही नाही, त्या वर्षी बोटी ढिगाने बुडाल्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे लढाईत गेलेल्यांची नोंद ठेवणारी संस्था, तिच्या साइटवर इंडियन मर्चंट नेव्ही निवडा, आधी कैरो धरून तारीख नोव्हेंबर-डिसेंबर ४२ टाका. होड्यांमध्येही बरेच जण दगावले, एकच दिवस धरू नका.

रत्नांग्रीकर: आडनाव टाकलं. शून्य.

गोदीवाला: आडनाव कशाला लिहितायत ते! पहिलं नाव टाका, गोऱ्या कारकुनाने ऐकलं असेल तसं. आणि बापाचं नाव जुळतं का बघा.

तांडेल: नाव सांगा हो आता तरी.