पहिलीच क्रूझ आणि रात्रीच्या जेवणाची वेळ : कोणता पर्याय निवडावा?

गंगापूररोडकर

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरातील सहा जण सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर जाणार आहोत. सफर चार रात्रींची असून जहाज पेनांग आणि फुकेत येथे थांबून पुन्हा सिंगापूरला परतते. गंगापूर धरणावरील बोट क्लबपलीकडे आमच्यापैकी कोणीही पाण्यावर गेलेले नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे.

बुकिंगच्या अर्जात रात्रीच्या जेवणासाठी तीन पर्याय दिले आहेत : संध्याकाळी ५.३०, रात्री ८ किंवा ‘आपल्या सोयीने कधीही’. आमचे एजंट म्हणतात की काहीही टाका, फरक पडत नाही. मला ते पटत नाही, कारण सासऱ्यांना मधुमेह आहे, ते संध्याकाळी इन्सुलिन घेऊन बरोबर ७.३० वाजता पानावर बसतात आणि त्यात अर्ध्या तासाचाही उशीर त्यांना चालत नाही. सासूबाई चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे खात नाहीत, शिवाय सफरीच्या तिसऱ्या दिवशी एकादशी येते. मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि त्याला जहाजावरचे सर्व काही खायचे आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला वरणभाताखेरीज काहीही खायचे नाही.

अर्जात ‘जैन जेवण’ असा एक रकाना आहे. सासूबाईंसाठी तो भरावा काय? जादा पैसे देऊन खास रेस्टॉरंटचे पॅकेज घेण्यात अर्थ आहे काय? आणि घरून फराळाचे किती न्यावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

निवृत्त बँकवाला

मी आणि माझी पत्नी दोन वेळा क्रूझवर गेलो आहोत, त्या आधारावर लिहितो. एजंटांचे म्हणणे मनावर घेऊ नका. आपल्यासारख्या कुटुंबाला या एका निवडीमुळेच सर्वाधिक फरक पडतो.

ठरावीक वेळ घेतली की मुख्य डायनिंग रूममध्ये रोज तेच टेबल आणि तेच दोन वाढपी मिळतात. पहिल्या रात्री आपण जे समजावून सांगतो ते दुसऱ्या रात्री सांगावे लागत नाही. आमच्या टेबलावरचा वाढपी पहिल्या रात्री माझ्या पत्नीला ‘नो अनियन, नो गार्लिक’ हे तीन वेळा विचारून गेला. दुसऱ्या रात्री आम्ही खुर्चीवर बसण्याआधीच तिच्या बाजूला गरम पाण्याचा पेला ठेवलेला होता आणि ब्रेडच्या टोपलीतला लसणीचा ब्रेड त्याने स्वतःहून काढून माझ्याकडे सरकवला. ‘कधीही’ हा पर्याय घेतल्यास टेबल बदलते, वाढपी बदलतो आणि तीच कथा रोज नव्याने सांगावी लागते. गर्दीच्या वेळी दारात थांबावे लागते ते निराळेच.

जैन जेवणाच्या रकान्याबाबत मात्र जपून. ‘जैन’ लिहिले की कांदा-लसणीबरोबर बटाटा, रताळे, गाजर हे सर्व कंद जातात आणि एकादशीला सासूबाईंना नेमके तेच हवे असणार. ‘भारतीय शाकाहारी, कांदा-लसूण-वांगे वर्ज्य’ असे शेऱ्याच्या जागी स्पष्ट लिहावे. नुसते ‘व्हेजिटेरियन’ लिहिणेही पुरेसे नाही, कारण त्या स्वयंपाकघरांत अंडे बहुधा शाकाहारात मोजले जाते आणि आपल्या ताटात पास्ता येतो. हे सर्व एजंटामार्फत कंपनीला लवकर कळवावे, म्हणजे निदान दीड-दोन महिने आधी, आणि लेखी उत्तर मागून घ्यावे. तरीही पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला प्रत्यक्ष भेटावे. असे वेगळे जेवण घेणाऱ्यांना तो दुसऱ्या दिवसाचे मेनूकार्ड आदल्या रात्रीच दाखवतो, त्यातून पदार्थ निवडून दिले की स्वयंपाकघर वेगळे करून देते. ऐन वेळी सांगितल्यास वाफवलेल्या भाज्या आणि भात यावर रात्र काढावी लागते.

वेळेबाबत माझे मत ५.३०च्या बाजूने आहे. ज्येष्ठांना ती मानवते, मुले पेंगत नाहीत आणि नंतर रंगमंचावरचा कार्यक्रम निवांत पाहता येतो.

सागरिका

वरील प्रतिसादातील बाकी सर्व मान्य, पण वेळेच्या बाबतीत मला अगदी उलट सांगायचे आहे.

सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. जहाजावर ५.३०ला जेवायला बसणे म्हणजे नाशिकच्या हिशेबाने दुपारी ३ वाजता बसणे. दुपारी बुफेवर जेवून आलेल्या माणसाला त्या वेळी भूक कशी लागणार? याउलट रात्री ८ म्हणजे आपल्याकडचे ५.३०, हेही लवकरच, पण जमण्यासारखे आहे. आपल्या सासऱ्यांचे ७.३० तिकडच्या घड्याळात रात्रीचे १० होतात. आठ-दहा दिवसांच्या सफरीत शरीर जुळवून घेते, पण चार रात्रींत ते जुळते न जुळते तोच परत यायची वेळ होते. सफरीआधी दोन-तीन दिवस सिंगापुरात राहणार असाल तर गोष्ट वेगळी.

दुसरे कारण बंदरांचे. ज्या दिवशी जहाज पेनांगला किंवा फुकेतला थांबते, त्या दिवशी माणसे भटकून संध्याकाळी केबिनमध्ये येतात. ५.३०चे जेवण असेल तर आंघोळ करून कपडे बदलायलाही उसंत मिळत नाही. सासूबाईंची पूजा असेल तर ती आलीच. आम्ही पहिल्या वेळी लवकरची वेळ घेतली होती आणि फुकेतच्या दिवशी ती चुकवून बुफेवरच जेवलो.

फुकेतचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी. मोठी जहाजे तेथे अनेकदा पातोंगच्या किनाऱ्यापासून दूर नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो, म्हणून गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीने आधी नीट विचारून घ्यावे. आमच्या आत्याबाई त्या दिवशी जहाजावरच राहिल्या आणि त्यांनाच सर्वांत शांत दिवस मिळाला. दुसरे म्हणजे थायलंडचे घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे असते. मोबाईल किनाऱ्याचे नेटवर्क पकडून वेळ आपोआप बदलतो, जहाजाची वेळ मात्र बदललेली असेलच असे नाही. परतण्याची शेवटची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते आणि उशीर करणाऱ्यासाठी जहाज थांबत नाही. हातात एक साधे घड्याळ घालून ते जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावे.

साखरसंभाळे

मी स्वतः बारा वर्षांपासून इन्सुलिन घेतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. मात्रा आणि वेळ यांविषयी आपल्या डॉक्टरांना निघण्याआधी भेटून, अडीच तासांचा फरक सांगून, कागदावर लिहून घ्यावे. आमच्यापैकी कोणाचेही ऐकून ती बदलू नये.

डायनिंग रूममधले जेवण आपल्या घरच्यासारखे एकदम वाढले जात नाही. आधी सूप किंवा तत्सम काही, मग मुख्य पदार्थ, मग गोड, असे एकेक येत दीड तास सहज जातो. केबिनमध्ये इंजेक्शन घेऊन खाली गेलो आणि पहिला अर्धा तास कोरडा गेला, असा प्रसंग माझ्यावर आला आहे. हात थरथरू लागल्यावर शेजारच्या टेबलावरील बाईंनी साखरेची पुडी दिली. तेव्हापासून ताट समोर आल्याशिवाय मी सुई लावत नाही, आणि हे माझ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवले. वाढप्याला पहिल्याच दिवशी सांगावे की या गृहस्थांचे जेवण बसल्याबरोबर आणा. ठरावीक टेबल असल्यास तो लक्षात ठेवतो.

इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर, औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवावी. मोठ्या बॅगा टर्मिनलवर जमा केल्यावर केबिनच्या दारापर्यंत यायला काही तास लागतात, कधी कधी संध्याकाळ होते. केबिनमधला छोटा फ्रीज अनेकदा नावापुरताच गार असतो, त्यामुळे त्यावर विसंबू नये. स्वागतकक्षात विचारल्यास व्यवस्था करून देतात, आणि वापरलेल्या सुयांसाठी बंद डबाही मागितल्यावर मिळतो.

पंचवटीची लेक

फराळाच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला आहे, कारण माझा संपूर्ण डबा गेला.

दोन वर्षांपूर्वी अशाच दिवाळीच्या सफरीला निघताना आईने चिवडा, चकल्या आणि शंकरपाळे स्टीलच्या डब्यात भरून दिले होते. जहाजावर चढण्याआधीच्या तपासणीत डबा उघडायला लावला आणि घरी केलेले अन्न नेता येत नाही असे सांगून सर्व बाजूला काढून घेतले. तेथील मुलीने झाकण पुन्हा घट्ट लावले, रिकामा डबा हवा असल्यास देते म्हणाली, आणि मी तो घेऊन केबिनमध्ये गेले. चार दिवस त्या डब्यात आम्ही शिंपले आणि चिल्लर ठेवली. कारखान्यात बंद केलेली पाकिटे मात्र बहुतेक जहाजांवर चालतात, तेव्हा राजगिऱ्याचे लाडू, खाकरे, भाजलेले शेंगदाणे असे सीलबंद पाकिटांतूनच घ्यावे. सासूबाईंना एकादशीला भगर लागत असेल तर ती नाशिकला ठेवूनच निघावे लागेल, कारण केबिनमध्ये काहीही शिजवता येत नाही. किटली आणि इस्त्रीसुद्धा जप्त होते. त्या दिवशी बुफेवर फळे, दूध, दही सहज मिळते आणि उकडलेले बटाटे हेड वेटरला आदल्या रात्री सांगून ठेवल्यास मिळतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. अनारसे नेऊ नका. त्यांच्यावरची खसखस सिंगापूरमध्ये प्रतिबंधित वस्तूंमध्ये मोडते. च्युइंगम आणि खाण्याची तंबाखूही तेथे नेता येत नाही, म्हणून सासऱ्यांना मळून खाण्याची सवय असल्यास त्यांच्या खिशाचीही चौकशी करावी.

कपड्यांचे म्हणाल तर रात्री मुख्य डायनिंग रूममध्ये हाफ पँट आणि स्लिपर चालत नाहीत. एखादी रात्र नटून येण्याची असते. आपल्याला सूट शिवण्याची गरज नाही, येवल्याची पैठणी आणि स्वच्छ कुर्ता-पायजमा पुरतो, उलट लोक फोटो काढायला येतात. आत वातानुकूलन कडक असते, शाल हवीच.

आणि शेवटच्या रात्रीची सूचना नीट वाचा. मोठ्या बॅगा रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या असतात. आमच्या यजमानांनी अतिशय शिस्तीत सर्व बॅगा भरून बाहेर ठेवल्या आणि सकाळी लक्षात आले की दुसऱ्या दिवशीची पँटसुद्धा त्यातच गेली. सिंगापूरला ते बर्म्युडा आणि लग्नातल्या बुटांवर उतरले.

सिडकोवासी

इतका विचार कशासाठी? आम्ही चारही रात्री बुफेवर जेवलो. हवे तेव्हा जावे, हवे ते घ्यावे. वरणभात, पोळी, भाजी, सर्व डोळ्यांनी दिसते. नऊ वर्षांच्या मुलीचा प्रश्न तेथेच सुटतो. खास रेस्टॉरंटचे पॅकेज घेऊ नये. तेथे माणशी वेगळे पैसे लागतात आणि शाकाहारी माणसाला त्यांतून फारसे काही मिळत नाही. मुलगा हट्ट करत असेल तर एखाद्या दुपारी त्याला एकट्याला घेऊन जावे.

निवृत्त बँकवाला

सागरिका यांचा घड्याळाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आमच्या दोन्ही सफरी मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या होत्या, पंचवटी एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरून बॅलार्ड पियरला गेलो, त्यात घड्याळ बदलण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा ५.३०चा सल्ला मी मागे घेतो. ठरावीक वेळेचा सल्ला मात्र कायम. बुफेवर कांदा-लसूण कशात आहे हे पाटीवर दरवेळी लिहिलेले नसते आणि चमचे एका भांड्यातून दुसऱ्यात फिरतात, त्यामुळे सासूबाईंना तेथे रोज जेवायला लावू नये.

आपण सहा जण म्हणजे किमान दोन केबिन असतील. त्यांचे बुकिंग क्रमांक वेगळे असतील तर ते एकमेकांना जोडून घेण्यास एजंटाला आजच सांगा, अन्यथा सासू-सासरे एका टेबलावर आणि आपण दुसऱ्या टेबलावर, अनोळखी लोकांत, असे होते. सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा आहे ना, हेही पाहून घ्यावे, कारण जहाज थायलंडला जाऊन पुन्हा सिंगापुरात येते. टिपेची रक्कम माणशी दररोज खात्यावर आपोआप लागते आणि मुलांचीही लागते. ती पाहून पहिल्या रात्री दचकू नये.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. आज एजंटांकडे जाऊन आले. तीन केबिनचे तीन वेगवेगळे क्रमांक निघाले आणि ते जोडलेले नव्हते. आता जोडले आहेत. रात्री ८ची ठरावीक वेळ आणि सहा जणांचे एकच टेबल मागितले आहे. ‘जैन’चा रकाना मोकळा ठेवून शेऱ्यात निवृत्त बँकवाला यांनी सुचवलेले वाक्य तसेच्या तसे लिहिले. पॅकेज घेतले नाही. सासऱ्यांची डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली आहे.

तंबाखूबद्दल विचारले तेव्हा सासरे काही बोलले नाहीत, पण सासूबाई हसल्या.