इंडिया गेटचा विकिपीडिया लेख सुधारतोय, मदत हवीय

आम्ही चौघी इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी मराठी विकिपीडियावर इंडिया गेटचा लेख वाढवतोय, काल रात्री जागून दोन परिच्छेद टाकले आणि सकाळी बघतो तर गायब! काय चुकलं?

उत्तर १: पानाचा इतिहास (म्हणजे बदलांची नोंद) उघडा, उडवणाऱ्याने बहुतेकदा कारण लिहिलेलं असतं. दुसऱ्या साइटवरून जसंच्या तसं उचललं असेल तर प्रताधिकारामुळे (कॉपीराइटमुळे) ते उडणारच. आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि संदर्भ लगेच जोडा, नंतर जोडू म्हटलं की राहतंच.

उत्तर २: एक घोळ नक्की टाळा. हे स्मारक १९७१ च्या युद्धाचं नाही, पहिल्या महायुद्धातल्या आणि १९१९ च्या अफगाण युद्धातल्या सैनिकांचं आहे. पायाभरणी १९२१, उद्घाटन १९३१, आराखडा ब्रिटिश वास्तुविशारद लुट्येन्सचा. १९७१ च्या शहिदांसाठीची अमर जवान ज्योती तिथे १९७२ ला आली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या ज्योतीत विलीन केली. भिंतीवर १३ हजारांवर नावं कोरलीत, प्रत्येक नाव म्हणजे कुणाचं तरी लेकरू, त्यावर वेगळा विभाग कराच.

प्रश्नकर्ती: कॉपीच केलं होतं आम्ही, चुकलंच. नावांच्या विभागापासून नव्याने लिहायला घेतो.