हिवाळ्याचा रोज एक फोटो : विदर्भातल्या गावशिवारांतून

विदर्भाबाहेर आपल्या भागाचे फोटो जातात ते दोनच तऱ्हेचे. ताडोबाचा वाघ, नाहीतर कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी. दोन्ही खरे आहेत. पण दिवाळी उलटल्यापासून शिमग्यापर्यंत आपल्या वावरांत, गोठ्यांत, पांधणीवर आणि तळ्याकाठी रोज जे चाललेलं असतं, ते कुठेच दिसत नाही. म्हणून हा धागा. हिवाळाभर रोज एक फोटो काढायचा, आपल्याच गावचा, आणि काय दिसलं ते इथे लिहायचं. मोबाइल कुठलाही चालेल. फोटो सुंदर असलाच पाहिजे असंही नाही, पण तो कुठला, कधीचा आणि त्यात कोणतं काम चाललंय हे मात्र नक्की लिहा. वीस वर्षांनी तेच कामाला येणार आहे.

एकच विनंती. माणसाचा फोटो त्या माणसाला विचारून काढा, आणि मग त्याला दाखवाही. वेचणीला आलेल्या बाया दिवसभर वाकलेल्या असतात. दुरून झूम करून त्यांची पाठ टिपायची आणि निघून जायचं, हे मला पटत नाही.

सुरुवात माझ्यापासून. आमचं गाव आर्वीकडचं, कपाशीचं. पहिल्या वेच्याच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. वावरात दगड मांडून पूजा करायची, दहीभात शिंपडायचा, मगच कापूस ठेवायची ओटी कमरेला बांधायची. या वर्षी तो फोटो पहिला. त्यानंतर मी एकाच झाडाच्या मागे लागलो. पऱ्हाटीचं फूल उमलतं तेव्हा फिकं पिवळं, जवळजवळ सायीच्या रंगाचं असतं. दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी होतं, मग मिटून सुकतं आणि खाली हिरवं बोंड धरतं. लहानपणापासून बघतोय, पण रोजचे फोटो एकापुढे एक लावल्यावर ते पहिल्यांदा नीट उमगलं. दुपारच्या उन्हात फुटलेला कापूस नुसता पांढरा ठिपका येतो. स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढला की धागे दिसायला लागतात.

दारव्हा तालुका, कॉलेजात शिकणारी

माझी आई वेचायला जाते. दव उतरल्याशिवाय वेचणी सुरू होत नाही, कारण ओला कापूस गाठोड्यात पिवळा पडतो. सुट्टीच्या दिवशी मीही जाते. मी आईच्या हातांचे फोटो काढते. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात, नखांच्या कडेला चिरे पडतात, आणि संध्याकाळी त्याच हातांनी ती भाकर थापते. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "हात कायले काढतं, तोंड काढ ना." म्हणून आता दोन काढते, एक तिच्यासाठी आणि एक माझ्यासाठी. संध्याकाळी काट्यावर कापूस मोजतानाचाही फोटो घेते. किलोवर मजुरी असते, त्यामुळे त्या वेळी सगळ्या बायांची नजर एकाच जागी असते. माझा सगळ्यात आवडता फोटो तोच आहे.

मेहकर तालुका, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक

आम्ही शाळेच्या ओट्यावर खडूने एक खूण केली आहे. तिथेच उभं राहून सूर्य उगवतानाचा फोटो काढायचा. सातवीची मुलं पाळीपाळीने येतात. समोर एक बाभूळ आणि एक विजेचा खांब आहे, त्यामुळे सूर्य रोज किती सरकला ते लगेच कळतं. डिसेंबरात आधी तो उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला जातो. २२ डिसेंबरच्या सुमाराला थबकतो आणि मग परत फिरतो.

मुलांनी मला एका प्रश्नावर अडवलं. २२ डिसेंबर सर्वात लहान दिवस, मग त्यानंतर सूर्य लवकर उगवायला हवा ना? पण फोटोवरच्या वेळा पाहिल्या तर तो जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी उशिराच उगवत होता. संध्याकाळचं याच्या उलट. सर्वात लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस होतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे सूर्याची मध्यान्ह घड्याळाच्या बाराशी रोज जुळत नाही आणि या दिवसांत ती थोडी थोडी पुढे जाते. दिवस वाढतो तो आधी संध्याकाळकडून. पुस्तकातून हे शिकवायला गेलो असतो तर कोणी ऐकलं नसतं.

गडचिरोलीकडचं कोणी हे वाचत असेल तर एक मदत हवी. तुमच्याकडे सूर्य आमच्यापेक्षा सुमारे चौदा मिनिटं आधी उगवतो. एका रेखांशाला चार मिनिटं, असा हिशोब. एकाच दिवशी दोन्हीकडून फोटो काढून मुलांना दाखवता येतील का?

बाळापूर तालुका, शेतकरी

आमी ओलितवाले. लाइन, म्हंजे वीज, रात्रीची असली का हरभऱ्याले पाणी रात्रीच द्या लागते. टॉर्चच्या उजेडात सारं दवानं चमकते. म्या रात्रीचे फोटो लय काढले, पन सांगाचं हाय ते आंबेचं. हरभऱ्याच्या पानावर रात्री दव पडते ना, ते आंबट रायते. माही माय संध्याकाळी धुतलेलं पांढरं फडकं हरभऱ्यावर पसरून ठेवे आन् सकाळी उन्हं निंघाच्या आंधी पिळून बाटलीत भरे. तेच आंब. पोट दुखलं का थेंबभर पान्यात. आता कोनी करत नाही. या साली म्या मुद्दाम फडकं पसरलं. सकाळी त्याचा फोटो काढला, खाली घाटे धरलेला हरभरा आन् वरतं ओलंचिंब फडकं. मायले दाखवला. तिनं मोबाइल हातात घेऊन लय वेळ पाह्यला, मंग मले इचारलं, फडकं कोनतं घेतलं व्हतं, साबनाचा वास त नोयता?

वरूड तालुका, संत्रा बागायतदार

बाहेरच्यांना बाग म्हटली की पिवळीधमक फळं आठवतात. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलोऱ्याची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतात, तेव्हा कॅरेट, ट्रक, व्यापारी यांचे फोटो खूप मिळतात. मी मात्र त्यानंतरचं झाड टिपतो. फळं गेली की बागेचं पाणी तोडतो, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, रंग उतरतो, थोडी गळतात. रोज एकाच झाडापुढे उभा राहून फोटो काढतो, आणि खरं सांगायचं तर ते बघवत नाही. पण ताण नीट बसला नाही तर फुलाऐवजी नुसती पालवी फुटते. जमीन हलकी की भारी, त्यावर ताण किती दिवस ते ठरतं, आणि तो अंदाज शेवटी पानाकडे बघूनच घ्यायचा असतो. म्हणून हे फोटो मला शौक म्हणून नाहीत, नोंद म्हणून लागतात. गेल्या साली कोणत्या तारखेला पान कसं होतं ते बघून यंदा पाणी सोडलं. जानेवारीच्या शेवटी कळ्या दिसल्या. फुलोऱ्याचा वास सगळ्या पांधणीवर असतो, तो काही फोटोत येत नाही.

गोंदिया तालुका, पक्षी बघणारा

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, हिवाळा म्हणजे कापलेल्या धानाचे पुंजणे (ढीग) आणि रिकाम्या बांध्या (धानाची शेतं). पूर्ण रिकाम्या म्हणता येणार नाहीत, कारण धान उभा असतानाच ओलीवर लाखोरी, म्हणजे लाखेच्या डाळीचं बी, फेकलेली असते. जानेवारीत तिला निळी फुलं येतात. खाली वाकून, बांधीच्या पातळीवर मोबाइल धरून फोटो काढा, नाहीतर ती दिसतच नाहीत.

मामा तलावांवर, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तलावांवर, पट्टकादंब येतात, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले हंस, हिमालय ओलांडून आलेले. आणि आमचे सारस. महाराष्ट्रात आता ते जवळपास आमच्याच पट्ट्यात उरलेत. कापणी झालेल्या बांधीत जोडी दाणे टिपताना दिसते. कळकळीने सांगतो, जवळ जाऊ नका. ते मान वर करून थांबले की समजायचं आपण फार पुढे आलो. आणि फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा. फोटो पाहून दुसऱ्या दिवशी गाड्या भरून माणसं येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

उमरेड तालुका, दूध घालणारे

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरला ३.५ अंश होतं. त्या पहाटे मी डेअरीवर जाताना वाटेत एक फोटो काढला होता, आगटीभोवती (शेकोटीभोवती) बसलेली माणसं आणि त्यांच्यातच येऊन बसलेलं गोऱ्हं. तेव्हापासून थंडीत सवय लागली. धुई (धुकं) असली की मोबाइल सगळं राखाडी करतो, तेव्हा उजेड थोडा वाढवून घ्यावा. आणि बाहेरच्या गारठ्यातून चुलीपाशी गेलं की लेन्सवर वाफ धरते, ती पुसूनच फोटो काढावा.

देसाईगंज, नाटकांचा प्रेक्षक

आमच्याकडे दिवस मंडईचा, म्हणजे गावच्या जत्रेचा, आणि रात्र नाटकाची. धान घरात आलं की गावोगावी झाडीपट्टीची नाटकं लागतात, पहाटेपर्यंत. मी रंगमंचाचा फोटो काढत नाही, प्रेक्षकांचा काढतो. रंगमंचाच्या उजेडात ब्लँकेट पांघरलेले चेहरे, पहिल्या रांगेत झोपी गेलेली पोरं, मागे उभ्या मोटारसायकली. फ्लॅश अजिबात नको, नटालाही त्रास आणि बघणाऱ्यालाही. मोबाइल खांबाला टेकवून धरला की फोटो हलत नाही.

मेहकरच्या सरांनी विचारलंय ते करू. वैरागडला माझा भाचा आहे, तो पहाटे उठतो. तारीख कळवा.

पुन्हा धागाकर्ता

तारीख ठरवू या. १५ जानेवारी कशी? उगवतीच्या वेळेचा फोटो, वेळ दिसेल असा. पूर्वेकडून वैरागड, पश्चिमेकडून मेहकर, मधून मी आर्वीहून काढतो. धुई असली तर दुसऱ्या दिवशी.

एवढे अनुभव आले, पण मेळघाटातून अजून एकही नाही. चिखलदऱ्याकडची थंडी, कोरकू गावांतली हिवाळ्यातली कामं यांबद्दल तिथल्याच कोणी लिहिलं तर फार बरं होईल. अमरावती जिल्ह्यातल्या बहिरमच्या यात्रेचंही कोणी लिहिलेलं नाही. २० डिसेंबरपासून महिनाभराहून जास्त चालते, मातीच्या हंड्या, रोट्या, राहुट्या, सगळं दर साली थोडं थोडं बदलतंय. या साली जाणार असाल तर हंडी विकणाऱ्यांचे फोटो आधी घ्या, विचारून.