नॉर्मल (घंटेच्या आकाराचे, सममित वितरण) नसलेल्या डेटाचे रूपांतर करून सीपीके (प्रक्रिया ठरलेल्या मर्यादेत किती आरामात बसते ते सांगणारा निर्देशांक) काढणे योग्य आहे काय?

शाफ्ट_रनआउट:
रनआउट (फिरताना शाफ्टचे होणारे डोलणे), सपाटपणा, पृष्ठभागाचा खडबडीतपणा ही मापे शून्याखाली जाऊच शकत नाहीत, त्यामुळे त्यांच्या वितरणाला बहुधा उजवीकडे लांब शेपूट असते. तरीही अनेक जण सरासरी आणि प्रमाण विचलन सरळ सीपीकेच्या सूत्रात (मर्यादा आणि सरासरी यांतील अंतर भागिले प्रमाण विचलनाची तिप्पट) घालून मोकळे होतात. समजा, रनआउट लॉग-नॉर्मल आहे (म्हणजे मापांचा लॉग घेतल्यास वितरण नॉर्मल होते), मध्यक १० मायक्रॉन, लॉग मूल्यांचे प्रमाण विचलन ०.५ आणि वरची मर्यादा ४० मायक्रॉन. मूळ मापांवर निर्देशांक सुमारे १.५८ येतो, म्हणजे ग्राहकाच्या किमान १.३३ च्या अटीत आरामात बसतो. मापांचा आणि मर्यादेचा, दोन्हींचा लॉग घेतल्यास तोच ०.९२ होतो. प्रत्यक्षात दर दहा हजारांत सुमारे २८ नग मर्यादेबाहेर जात असताना १.५८ छापणे ही फसवणूक आहे. म्हणून रूपांतर सक्तीचे असावे, असे माझे मत आहे.

चार्ट_आधी:
आपल्या उदाहरणात वितरण आधीच ठाऊक आहे. कामावर ते कधीच ठाऊक नसते, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. अँडरसन-डार्लिंग या नॉर्मलपणा तपासणाऱ्या चाचणीत डेटा नापास झाला की लोक लगेच सॉफ्टवेअरमधला बॉक्स-कॉक्सचा (मापांना योग्य घात देऊन डेटा नॉर्मलजवळ आणण्याचा) पर्याय निवडतात. परंतु नापास होण्यामागे दोन साच्यांचे नग एकत्र मिसळणे, शिफ्टच्या मध्यावर टूल बदलणे किंवा झिजेमुळे माप हळूहळू सरकणे अशी कारणे असू शकतात. जॉन्सन कुटुंबातील (रूपांतराच्याच दुसऱ्या पद्धतीतील) वक्र इतके लवचीक असतात की अशा मिसळीवरही ते बऱ्याचदा चाचणी उत्तीर्ण करून देतात आणि मग मूळ दोष कुणाच्या नजरेस पडत नाही. कंट्रोल चार्टवर (मापे वेळेच्या क्रमाने मांडून स्थिरता तपासणाऱ्या आलेखावर) प्रक्रिया स्थिर दिसत नसेल, तर सीपीके काढूच नये, मग तो रूपांतर करून असो वा न करता.

शाफ्ट_रनआउट:
स्थिरतेची अट मला मान्य आहे आणि ती मी सुरुवातीलाच लिहायला हवी होती. मात्र स्थिर असूनही एका बाजूला झुकलेली प्रक्रिया असतेच, आणि तिथे लॉग घेण्यास भौतिक कारण असते. सॉफ्टवेअरने शोधलेला ०.३७ सारखा लॅम्डा (बॉक्स-कॉक्समधला घात) मलाही पटत नाही. मी ० (म्हणजे लॉग) किंवा ०.५ (म्हणजे वर्गमूळ) यांपैकी जवळचा घेतो.

शेपटीचा_हिशेब:
दोघेही एक गोष्ट गृहीत धरत आहात, की रूपांतरानंतरचा ०.९२ हा नेहमीच्या सीपीकेशी तुलना करण्याजोगा आहे. आयएसओ २२५१४ या प्रक्रिया क्षमतेच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेतील शतमक पद्धतीने याच वितरणावर मर्यादा आणि मध्यक यांतील अंतराला ९९.८६५ वे शतमक (ज्याच्या खाली ९९.८६५ टक्के नग असतात ते माप) आणि मध्यक यांतील अंतराने भागले, तर ३० भागिले ३४.८, म्हणजे ०.८६ येते. वितरण तेच, दोष तेवढेच, आकडे मात्र दोन. शिवाय ते शतमक ओलांडणारा नग सरासरीने ७४० पैकी एखादाच असतो, त्यामुळे ५० मापांवरून शेपटीचा आकार ठरवणे हा अंदाजच. डेटा अगदी नॉर्मल असला, तरी ५० मापांवरून काढलेल्या १.३३ या सीपीकेचा ९५ टक्के विश्वासार्हता-पट्टा साधारण १.०५ ते १.६१ इतका रुंद असतो. (शून्य वाचने आली म्हणून प्रत्येक मापात ०.००१ मिळवून बॉक्स-कॉक्स चालवणाऱ्यांबद्दल बोलतच नाही. तिथे उत्तर त्या मिळवलेल्या संख्येवरच ठरते.)

चार्ट_आधी:
मग निर्देशांकाऐवजी हिस्टोग्राम, कंट्रोल चार्ट आणि मर्यादेबाहेरच्या नगांची प्रत्यक्ष मोजणी द्यावी.

शाफ्ट_रनआउट:
ग्राहकाच्या फॉर्मवर एकच रकाना असतो आणि त्यात १.३३ पेक्षा मोठा आकडा अपेक्षित असतो. तो रिकामा ठेवता येत नाही. मी तिथे ०.९२ लिहीन, शेजारी 'लॉग रूपांतर' असा शेरा देईन आणि सोबत चार्ट जोडीन. १.५८ लिहिणार नाही.