मदत हवी आहे: मॅनेजर रोज सगळ्यांसमोर झापतो, नोकरी आत्ता सोडता येत नाही

गवतीचहा
कोणीतरी लवकर सांगा, सोमवारी सकाळी सातला परत त्याच्यासमोर उभं राहायचंय. दिवाळीनंतर नवीन मॅनेजर आला आणि तेव्हापासून वाट लागली आहे. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर, कॉन्ट्रॅक्टच्या पोरांसमोरसुद्धा, "मॅडमना घरी झोपायला पाठवा" म्हणतो. रजा मागितली की "बघू", आणि आदल्या दिवशी संध्याकाळी "नाही". रात्री साडेअकराला ग्रुपवर माझं नाव टाकून तीन प्रश्नचिन्हं. शब्द एक नाही, नुसती प्रश्नचिन्हं. एवढं करून सही मात्र माझीच हवी. अशा माणसाशी वागायचं कसं? एचआरकडे जा म्हणू नका, एचआर त्याच्याच गाडीतून येते.

शेंगदाणा
क्षेत्र कोणतं? आयटी, बँक, शाळा? किती वर्षं झाली? सोडता का येत नाही? यातलं काहीच लिहिलं नाहीत, सांगायचं काय आम्ही?

कोरडेश्वर
भाऊ, सरळ पेपर टाक. माझा पण असाच एक नग होता. मी एका शुक्रवारी लॅपटॉप, बॅज, ड्रॉवरची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली आणि खाली येऊन दोन वडापाव खाल्ले. तीन महिने घरी बसलो, बायकोने रोज ऐकवलं, पण चौथ्या महिन्यात दीडपट पगाराची नोकरी लागली. भीती मनात असते.

शेंगदाणा
भाऊ नाहीत हो, "मॅडमना" लिहिलंय वर. आणि तीन महिने बिनपगारी बसणं सगळ्यांना जमतं का?

उंबरठा
ताई, १० किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या.

गवतीचहा
तसला प्रकार नाही. तो पुरुषांनाही असंच बोलतो, फक्त त्यांना घरी झोपायला पाठवत नाही, "बांगड्या भरा" म्हणतो. चाकणला आहे, मशिनिंग, क्वालिटीत. पाच वर्षं नोव्हेंबरमध्ये होतील, म्हणून सोडत नाही. आता सांगा.

उंबरठा
"बांगड्या भरा" हे तुमच्यासमोर म्हणतो ना? तेही लिहून ठेवा, तारखेसकट.

काकडआरती
मनावर घेऊ नका. इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करा. फी नाही, फोन जमा करतात, कोणाशी बोलायचं नाही. मी दोनदा केलं. बॉस तोच होता, पण मला ऐकूच येईनासा झाला.

गवतीचहा
एक दिवसाची रजा मिळत नाही हो काका, दहा दिवस कुठून आणू?

स्टुटगार्टवासी
इकडे जर्मनीत पाच माणसांच्या कंपनीतसुद्धा कामगार आपली परिषद निवडू शकतात. मॅनेजरने रात्री साडेअकराला मेसेज टाकला असता तर दुसऱ्या दिवशी त्यालाच बोलावलं असतं.

कोरडेश्वर
बरं झालं सांगितलंत. उद्या चाकणला आणतो ती परिषद. तळेगाव चौकात अडकली नाही तर दुपारपर्यंत पोहोचेल.

मिठाचा_खडा
बावीस वर्षं क्वालिटीत काढली, आता घरी आहे. बाकी राहू द्या. सही कशावर?

गवतीचहा
पीडीआयवर. दुसरं कशावर असणार?

मिठाचा_खडा
माल मोजून सही करता ना?

शेंगदाणा
पीडीआय म्हणजे काय ते आम्हा पामरांना कळेल का?

मिठाचा_खडा
माल गाडीत चढण्याआधीचा तपासणी रिपोर्ट. बाई, उत्तर दिलं नाहीत.

गवतीचहा
काल उत्तर द्यायचं टाळलं, खरं सांगते. लॉटमधले पाच नग मोजायचे असतात. २५ मिमीचा बोअर (जॉबमधलं गोल भोक) आहे, २५.००० ते २५.०२१ चालतो. साडेसहाला गाडी दारात उभी असते आणि मशिनवरून माल उतरतच असतो. तो म्हणतो, "आकडे भर, उद्या मोज." मग आम्ही २५.०१२, २५.०१४, २५.०११ असं लिहितो. सगळे एकसारखे दिसू नयेत म्हणून जरा वरखाली. गेल्या गुरुवारी मी हट्टाने मोजलं, तिसरा नग २५.०२६ आला. म्हणाला, "जॉब गरम आहे, थंड झाला की बसेल." सही केली. गेल्या महिन्यात कस्टमरकडून ४२ नग परत आले होते. आठ-डी रिपोर्टमध्ये (तक्रार आली की कस्टमरला कारण आणि उपाय लिहून देतात तो) कारण काय लिहिलं? "इन्स्पेक्टरची चूक, पुन्हा ट्रेनिंग." इन्स्पेक्टर म्हणजे मी. ट्रेनिंगच्या शीटवरही माझीच सही.

मिठाचा_खडा
वाटलंच होतं. तो झापतो हा तुमचा मोठा त्रास नाही, तुमच्या सहीने माल जातोय हा आहे. आणि जॉब गरम असल्याचं कारण त्याच्या तोंडावर मारा. २५ मिमीचा स्टीलचा जॉब १० अंशांनी जास्त तापला तर जेमतेम ३ मायक्रॉन, म्हणजे ०.००३ मिमी वाढतो. तुमच्या २६ मधून ३ गेले तरी २३, आणि चालतात २१.

कूलंट_टाकी
अॅल्युमिनियम असेल तर दुप्पट धरा. मग २० येतं, म्हणजे पास. मॅनेजर बरोबरही असू शकतो.

मिठाचा_खडा
बरोबर असेल तर तासभर टेबलावर ठेवून परत मोजायला काय हरकत होती?

कूलंट_टाकी
गाडी. डिस्पॅच चुकलं आणि तिकडे कस्टमरची लाइन थांबली तर डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचं बिल, त्याच्या डोक्यावर. मी पण प्रॉडक्शनमध्ये आहे. क्वालिटीवाल्यांना वाटतं आम्ही मुद्दाम करतो.

मिठाचा_खडा
मुद्दामच करता.

गवतीचहा
कास्ट आयर्न आहे. आणि माझ्या प्रश्नाचं काय?

मिठाचा_खडा
उद्यापासून जे मोजलं तेच लिहायचं. मोजलं नसेल तर रकाना रिकामा. मापाबाहेरचा नग आला तर होल्डचा टॅग, म्हणजे माल थांबवायचा. पाठवायचाच असेल तर कस्टमरकडून डेव्हिएशन (मापाबाहेरचा माल चालेल अशी लेखी परवानगी) घ्या म्हणावं, नाहीतर सही त्याने करावी. तो तोंडी "जाऊ दे" म्हणाला की दहा मिनिटांत मेल: "आत्ता बोलणं झाल्याप्रमाणे, तिसरा नग २५.०२६, आपल्या सूचनेनुसार लॉट पाठवत आहोत, कळावे." चिडायचं नाही, उपदेश नाही. आणि रिपोर्टचे फोटो काढून स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका, उलटं तुमच्यावरच गुप्ततेचं कलम लावतील.

शेंगदाणा
मेलमध्ये प्लांट हेडला सीसी ठेवा.

मिठाचा_खडा
पहिल्याच मेलला नको. सीसी म्हणजे सरळ लढाई. दोन-तीन मेल साठू द्या.

शेंगदाणा
आणि तोवर आणखी एक आठ-डी त्यांच्या नावावर? वा!

वहीखाते
पाच वर्षांचं ग्रॅच्युइटीसाठीच ना? पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालतं. मद्रास उच्च न्यायालयाने तसं धरलं आहे. पाच दिवसांचा आठवडा असेल तर १९०.

कोरडेश्वर
कायद्यात पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं.

वहीखाते
पाच वर्षं सलग सेवा म्हटलंय, आणि सलग म्हणजे काय तेही कायद्यातच दिलंय. वाचा. हां, सगळ्या कंपन्या २४० दिवसांवर मुकाट्याने देत नाहीत हे खरं, भांडावं लागतं. म्हणून नोव्हेंबर गाठलेला बरा. रक्कम, १९७२ च्या कायद्याच्या सूत्राने: बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले ५.

गवतीचहा
माझ्या १८ हजार बेसिकवर ५१,९२३ आले. डीए नाही. एवढ्यासाठी त्याच्या शिव्या खातेय.

बेलापूरचा_बाब्या
ताई एमपीएससी द्या. सरकारी नोकरीत असले बॉस नसतात.

वहीखाते
हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी जिल्हा परिषदेत आहे.

गवतीचहा
अपडेट. सोमवारी पाच नग मोजले, चौथा २५.०२४. तासभर ठेवून परत मोजला, २५.०२३. तेच लिहिलं आणि होल्डचा लाल टॅग लावला. हात थरथरत होते, टॅगची तार बोटाला लागली. तो आला, रिपोर्ट उचलला, काही न बोलता केबिनमध्ये घेऊन गेला. गाडी पावणेआठला गेली. त्यात तो लॉट होता की नाही मला माहीत नाही. मेल केलाय, सीसी नाही. रात्री ग्रुपवर प्रश्नचिन्हं आली नाहीत, त्याने उलट जास्त धडधडतंय.

मिठाचा_खडा
होल्डच्या जागेवर टॅगसकट माल आहे का ते सकाळी आधी बघा. नसेल तर दुसरा मेल. आता सीसी ठेवा.

शेंगदाणा
मी आधीच म्हटलं होतं.

नाममात्र
मलाही मॅनेजरचा त्रास आहे, पण मी आयटीत आहे. रेझ्युमे एक पानाचा करावा की दोन?